विहिरीकडचे दोन एकर

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि त्यासोबतचं माहितीपत्रक काल रात्री नीट वाचलं. मुंबईतल्या त्या अकादमीत दिग्दर्शनाला जागा मिळाली आहे, पहिला हप्ता महिनाअखेरीच्या आत भरायचा आहे, अण्णा म्हणतात विहिरीकडचे दोन एकर विकू, आणि आई म्हणते जमिनीला हात लावायचा नाही, बँकेचं कर्ज काढू. शेवटी तू विचारलं आहेस, ‘मावशी, फिल्म स्कूलला जायलाच हवं का?’

आधी उत्तर देते, कारणं मागून. फिल्म स्कूलला जाता आलं तर जरूर जा. पण या अकादमीत, एवढे पैसे मोजून, या वर्षी जाऊ नकोस.

मी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकले त्याला आता तीस वर्षं होत आली. प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात सरकारने 1960 साली ही संस्था काढली. आमच्या वेळी सगळं फिल्मवर चालायचं. 35 मिलिमीटरचा 400 फुटांचा रोल म्हणजे जेमतेम साडेचार मिनिटं, आणि तोही मोजून मिळायचा. पहिल्या वर्षी मला एक साधा प्रसंग कापायला दिला होता. खुर्चीत बसलेली बाई दारावरची थाप ऐकते, उठते आणि दार उघडते. स्टीनबेकच्या, म्हणजे फिल्म बघून कापायच्या, टेबलावर मी ग्रीस पेन्सिलने खूण केली, कापलं, टेप लावली, आणि ती उठायला लागते तिथेच दाराच्या शॉटवर गेले. सरांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘ती उठायच्या आधी तूच उठलीस.’ एवढं बोलून ते चहाला गेले.

त्या रात्री मी कापलेल्या पट्ट्यांतून सहा फ्रेम शोधून परत जोडल्या. चोवीस फ्रेमचा एक सेकंद, म्हणजे हे झालं पाव सेकंद. मग दोन काढल्या. मग त्यातली एक परत लावली. पहाटे कधीतरी दिसलं की उठण्याआधी ती बाई खुर्चीच्या हातावर बोटं दाबते, आणि दार उघडायचं की नाही हे तिचं तिथे ठरतं. तो विचार पुरा होईपर्यंत मला थांबायला हवं होतं. आजही मालिकेचा एपिसोड असो की माहितीपट, कट मारायच्या आधी मी त्या बोटांची वाट बघते.

चांगल्या शाळेत मिळतं ते हे. आपल्या पाव सेकंदाकडे लक्ष देणारा जाणता माणूस मिळतो, आणि ते पाव सेकंद शोधायला एक अख्खी रात्र मिळते. बाहेर कामावर ती रात्र कोणी देत नाही. तिथे सकाळी एपिसोड चॅनेलला जायचा असतो.

दुसरी गोष्ट सोबतच्या मुलांची. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये एका विषयाला मोजकीच मुलं घेतात. माझ्या वर्षाचा कॅमेरामन आणि ध्वनीवाली मुलगी यांच्या ओळखीने मला पहिलं काम मिळालं, आणि माझी अर्धी कामं आजही त्याच गोतावळ्यातून येतात. वाईट सिनेमे एकमेकांसोबत करून झालेले असले की पुढे फोन उचलला जातो.

आणखी एक गोष्ट तुला आत्ता कळणार नाही, तुझ्या आईला लगेच कळेल. रात्री दोन वाजता एडिट रूममधून निघून वसतिगृहापर्यंत एकटीने चालत जाणं, वाटेत कोणी काही न विचारणं. सोलापूरच्या वसतिगृहात तुझी आई आणि मी संध्याकाळी सातच्या आत हजेरी लावणाऱ्या मुली होतो. सिनेमाचं काम रात्रीच चालतं, आणि ज्या मुलीला रात्र वापरता येत नाही तिच्या हातून अर्धं काम निसटतं. म्हणून कुठलीही शाळा बघायला गेलीस की वसतिगृह आवारातच आहे का आणि एडिट रूम किती वाजता बंद होते, हे आधी विचार.

आता तुझ्या माहितीपत्रकाकडे येते. अशाच एका ठिकाणी मी दोन सत्रं पाहुणी म्हणून शिकवलं आहे. नाव लिहीत नाही. वर्गात पंचावन्न मुलं आणि दोन कॅमेरे होते. शेवटची फिल्म आठ-आठ जणांच्या गटाने करायची. त्यात एक जण दिग्दर्शक होणार, आणि उरलेल्या सात जणांनीही दिग्दर्शनाचीच फी भरलेली. खानदेशातला एक मुलगा होता, नजर फार चांगली. दोन वर्षांत त्याने दुसऱ्यांच्या फिल्मवर दिवे उचलले, उजेड परतवायला थर्मोकोल धरला, क्लॅप दिला. स्वतःचा एकही शॉट लावला नाही. शेवटी मला विचारलं, ‘मॅडम, टायटलमध्ये माझं नाव येईल ना?’ बाहेर पडला तेव्हा महिन्याला बावीस हजारांचा हप्ता डोक्यावर होता. एका चांगल्या मराठी सिनेमावर चौथा सहायक म्हणून बोलावणं आलं होतं, मानधन अगदी किरकोळ, पण दिग्दर्शकाशेजारी उभं राहायला मिळणार होतं. त्याने नाही म्हटलं, कारण हप्ता पाच तारखेला जायचा होता. आता तो एका कंपनीसाठी जाहिरातीच्या छोट्या क्लिपा कापतो, मन लावून कापतो. पण पुढची दहा वर्षं त्याने काय करायचं हे त्या हप्त्याने ठरवलं. हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तुझ्यापाशी एवढं ताणून धरते आहे.

आता आपण तुझा हिशोब मांडू. दोन वर्षांची फी 12 लाख. गोरेगाव-मालाडकडे पेइंग गेस्ट, जेवण, लोकल धरून महिन्याला 15 हजार म्हटले तर 24 महिन्यांचे 3 लाख 60 हजार. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क वेगळ्या. पान अकरावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की अंतिम फिल्मचा निर्मितीखर्च विद्यार्थ्याने करायचा आहे, तो तू धरलेलाच नाहीस. कर्ज 15 लाखांचं घेतलं, व्याज 11 टक्के आणि मुदत दहा वर्षं धरली, तर हप्ता साधारण 20,700 रुपये पडतो. शैक्षणिक कर्जात शिकत असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता थांबलेला असतो, पण व्याज चालूच असतं. ते मुद्दलात चढलं की हप्ता 25 हजारांच्या पुढे जातो. शिवाय साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणजे आईच्या वाटेने गेलो तरी घरातलं काहीतरी गहाण पडणारच.

समोर कमाई काय, तेही बघ. मुंबईत नव्या सहायकाला महिन्याचा पगार बांधलेला नसतो. पंधरा दिवस काम असतं, मग दोन महिने शांतता. मालिकांमध्ये तर पैसे नव्वद दिवसांनी हातात येतात. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरात, आणि हप्ता मात्र जुलैतच दारात. बाहेर पडल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं कमी पैशांत चांगल्या माणसांजवळ काढायची असतात. तोच या धंद्यातला खरा अभ्यासक्रम आहे. शाळेने ती वर्षंच खाल्ली तर शाळा कितीही चांगली असो, महाग पडली. फी मोजताना ही वर्षं तू मोजली नव्हतीस, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

अण्णांनी तुला दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण दिलं, विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी सिनेमा केला म्हणून. अण्णांचं मन मोठं आहे, त्यांना माझा नमस्कार सांग. पण ती गोष्ट पूर्ण सांग. 1912 साली फाळके लंडनला गेले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. मुंबईचं जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन झालेलं होतं, छायाचित्रण आणि छपाई हातात मुरलेली होती. लंडनला कॅमेऱ्याची खरेदी करून ते काही आठवड्यांतच परतले. कर्जाचा पैसा वस्तूत आणि कामात गेला. आणि भांडवलदाराला पटवायला त्यांनी काय दाखवलं? कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याची छोटीशी फिल्म, घरातच घेतलेली. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले तेही सिनेमासाठीच गेले. तुझ्या हातात अजून वाटाण्याचं रोपही नाही गं. तू पाठवलेल्या यादीत पाहिलेले दोनशे सिनेमे आहेत, केलेला एकही नाही.

म्हणून या वर्षी काय करायचं ते ऐक. पुण्याची आणि कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेची प्रवेश परीक्षा दे. तिथले मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचे असतात, पदवी कुठल्याही शाखेची चालते, म्हणजे तुझी बी.एस्सी. अडत नाही. फी या अकादमीच्या मानाने फारच कमी. दिल्लीला जामिया मिलियाच्या मास कम्युनिकेशनचाही अर्ज भर. दोनदा प्रयत्न कर, तिसऱ्यांदा नको. परीक्षेच्या तयारीत तीन-तीन वर्षं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांचा सिनेमा मागेच राहतो.

सरकारी म्हणजे सगळं सुरळीत असंही समजू नकोस. 2015 साली पुण्यात विद्यार्थ्यांचा संप 139 दिवस चालला होता. वर्ष लांबलं तर खोलीभाडं आणि जेवण कुठून येणार, याचा विचार तिथेही करावा लागतो. दोन-चार महिन्यांची पुंजी बाजूला असू दे.

तोपर्यंत पुण्याला माझ्याकडे ये. माझ्या ओळखीच्या एडिट स्टुडिओत फुटेज लावायला, आवाज आणि चित्र जुळवायला एक पोरगी हवी आहे. पगार थोडा आहे, राहायला माझी मागची खोली आहे. लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासूनचं. तिथे खेळ असला की जायचं. नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, मिरजेहून गोव्याची गाडी मिळते, नोंदणी कर आणि आठवडाभर दिवसाला चार सिनेमे बघ. आणि कॉलेजात एकांकिकेसाठी प्रकाशयोजना केली होतीस ती सोडू नकोस. पुरुषोत्तम करंडक, सवाई या एकांकिका स्पर्धांच्या तालमींतून आलेली माणसं मराठी सिनेमाच्या सेटवर जागोजागी भेटतात. रात्रभर तालमी करून सकाळी पेपर देणाऱ्यांची ती बिनपैशाची शाळा आहे.

खासगी शाळा म्हणजे फसवणूक, असं माझं मत नाही. व्हीएफएक्स म्हणजे संगणकावरची दृश्यं, कलर ग्रेडिंग म्हणजे चित्राचे रंग जुळवणं, ध्वनी मिश्रण, असलं काही शिकायचं असेल तर महागड्या यंत्रांवर बसायला मिळणं याला मोल आहे, आणि काही शाळा ते खरंच देतात. उद्या पुन्हा अशी जागा आली तर माहितीपत्रक बाजूला ठेव आणि तिथे जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांसोबत चहा पी. दोन वर्षांत स्वतःच्या नावावर किती मिनिटं शूट केली, हे प्रत्येकाला विचार. बक्षीस मिळालेली फिल्म ते दाखवतीलच, तू वर्गातल्या मधल्या कुठल्याही मुलाची फिल्म मागून बघ. शिकवणारे कायम असतात की जाऊन येऊन, फिल्मची मालकी कोणाकडे राहते, अर्ध्यात सोडलं तर फीचं काय होतं, हे लेखी घे. लेखी द्यायला का-कू केली तर समज.

अण्णांना मीच रविवारी फोन करते. तेल्या रोगाने डाळिंबाची बाग गेली त्या वर्षीही त्यांनी ती जमीन विकली नव्हती. आता तुझ्यासाठी ती काढायला निघालेत, त्यामुळे तुला नाही म्हणणं जड जाईल. ते माझ्यावर सोड.

आणि एक काम आत्ताच धर. बाग सध्या पाणी तोडून ताणावर असेल, पानं गळली असतील. मृग बहाराचं पहिलं पाणी सोडतील त्या दिवसापासून पहिली कळी दिसेपर्यंत, रोज एकाच झाडाचा एकाच जागेवरून शॉट घे. फोन आडवा धर, विटांवर टेकव, विटा जिथल्या तिथे राहू देत. पाणी सोडताना अण्णांचे हात घे, चेहरा नको. तीन मिनिटांत बसव, संगीत लावू नकोस, ठिबकचा आवाज तेवढा स्वच्छ घे, पहाटे आजूबाजूला शांतता असते तेव्हा. झालं की ड्राइव्हवर टाक. व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस, तिथे चित्र दाबलं जातं आणि मला तुझे कट नीट दिसणार नाहीत.

तुझी,
मावशी