कॅनडात ‘ऐंशी सी’ नाही, मग कर वाचवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबर २०२६ मध्ये पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) पुण्याहून ऑन्टारिओ प्रांतातल्या मिसिसागाला जायचंय. नवऱ्याला वर्षाला ९०,००० डॉलरची नोकरी मिळाली आहे, बायको तिथे गेल्यावर शोधणार, मुलगी चार वर्षांची. कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, आजवर त्यातच राहत होतात, आता तो भाड्याने द्यायचा. थोडे शेअर, म्युच्युअल फंड आणि पीपीएफ आहे. तिथे ८०सी सारखं काय असतं आणि पहिल्या वर्षी पैसे कुठे टाकले की कर वाचेल?

पहिल्या वर्षी जवळजवळ कुठेच नाही. तुमच्या बाबतीत मोठी बचत आहे ती तारखा आणि कागद नीट ठेवण्यात, आणि त्यातलं अर्धं काम विमानात बसण्याआधीचं आहे.

कॅनडा तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावतो, पण तुम्ही तिथले रहिवासी झालात त्या दिवसापासून. बिऱ्हाड थाटलं, बायको-मुलगी सोबत आली, तो तुमचा दिवस. १० सप्टेंबर धरू. जानेवारी ते सप्टेंबरचा पुण्याचा पगार तिथे करपात्र नाही. रिटर्नमध्ये मात्र तो सांगावा लागतो, कारण बेसिक पर्सनल अमाउंट, म्हणजे प्रत्येकाला मिळणारी करमाफ रक्कम, त्यावर ठरते. २०२६ साठी केंद्राची ही रक्कम १६,४५२ डॉलर आहे. वर्ष मध्येच सुरू झालं की ती दिवसांच्या हिशेबाने कापतात: १० सप्टेंबर ते ३१ डिसेंबर ११३ दिवस, म्हणजे साधारण ५,०९३ डॉलर. १४ टक्क्यांनी त्याचं क्रेडिट ७१३ डॉलर होतं, पूर्ण वर्षाचं २,३०३ झालं असतं. येण्याआधीच्या महिन्यांत काहीच उत्पन्न नसेल, किंवा त्या काळातलं निदान ९० टक्के उत्पन्न कॅनडातलंच असेल, तर पूर्ण रक्कम मिळते. तुमचा पुण्याचा पगार चालू असल्याने ती वाट बंद. रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅनडात आल्याची तारीख भरायची चौकट असते. ती रिकामी राहिली तर तुम्ही वर्षभर तिथेच होता असं धरून पूर्ण रक्कम मिळते, आणि पुढे तपासणीत फरक व्याजासकट वसूल होतो.

आता वजावट आणि क्रेडिट यातला फरक. आपली ८०सी ही वजावट, ८७ए चा रिबेट हा क्रेडिटचा भाऊ. वजावट उत्पन्नातून जाते, म्हणून तिची किंमत तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराइतकी. क्रेडिट थेट करातून कमी होतं. कॅनडातली बहुतेक क्रेडिटं सगळ्यांना खालच्याच दराने मिळतात. पहिल्या वर्षी तुमचा कॅनडातला पगार होईल साधारण २७,८६३ डॉलर. हे सगळं खालच्या टप्प्यात: केंद्राचे १४ आणि ऑन्टारिओचे ५.०५, मिळून १९.०५ टक्के. पुढच्या वर्षी ९०,००० वर वरचा थर २०.५ अधिक ९.१५, म्हणजे २९.६५ टक्क्यांना जातो. हजार डॉलरची तीच वजावट यंदा १९० डॉलर वाचवते, पुढच्या वर्षी २९६. म्हणून पुढे ढकलता येणारी वजावट पहिल्या वर्षी वापरणं म्हणजे आंबा कच्चा उतरवणं.

आरआरएसपी या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात तर पहिल्या वर्षी भरताच येत नाही. तिची मर्यादा आदल्या वर्षीच्या कॅनडातल्या कमाईच्या १८ टक्के, आणि तुमची आदल्या वर्षीची कमाई तिथे शून्य. नव्याने गेलेले हमखास इथे अडकतात. रुजू होताना एचआर ग्रुप आरआरएसपीचा फॉर्म पुढे करतं, कंपनी तेवढेच पैसे घालते, कोण नको म्हणेल? पण कंपनीची भरही तुमच्याच मर्यादेत मोजतात, आणि २,००० डॉलरच्या वर गेलात की जास्तीच्या रकमेवर दरमहा १ टक्का दंड. महिन्याच्या ७,५०० च्या पगारावर दोन्हीकडून ५-५ टक्के गेले तर दरमहा ७५०, तिसऱ्या महिन्यातच मर्यादा ओलांडली. कंपनीत ग्रुप टीएफएसए (करमुक्त बचत खातं) आहे का विचारा, नाहीतर जानेवारीपासून सुरू करा. १ जानेवारी २०२७ ला तुम्हाला सुमारे ५,०१५ डॉलरची जागा मिळते. अजून एक बारकावा: वर्षाच्या पहिल्या ६० दिवसांत भरलेले पैसे आदल्या वर्षात वजा करता येतात, हे तिथे सगळे सांगतील. तुम्हाला ते लागू नाही, कारण २०२६ ची तुमची मर्यादाच शून्य होती. ती रक्कम रिटर्नच्या शेड्यूल ७ मध्ये दाखवा आणि वजावट २०२७ मध्ये घ्या.

टीएफएसएत भरलेल्या पैशाला वजावट नाही, पण आतली वाढ करमुक्त. पहिल्या वर्षी पूर्ण ७,००० डॉलरची जागा मिळते, दिवसांच्या हिशेबाने कापत नाहीत, नवरा-बायको दोघांना वेगवेगळी. नेटवर दिसणारा लाखाच्या पुढचा आकडा २००९ पासून तिथे राहणाऱ्यांचा आहे, तुमचा नव्हे. तो वाचून पैसे भरले तर पुन्हा तोच महिन्याला १ टक्का.

घरासाठीचं एफएचएसए खातं कागदावर सगळ्यात गोड: वर्षाला ८,०००, एकूण ४०,०००, भरताना वजावट आणि घरासाठी काढताना कर नाही. पण ‘पहिलं घर’ म्हणजे कॅनडातलं पहिलं घर, असा समज बहुतेकांचा असतो. अट अशी आहे की खातं उघडताना त्या वर्षात आणि आधीच्या चार कॅलेंडर वर्षांत तुम्ही स्वतःच्या मालकीच्या घरात राहिलेलं नसावं, आणि परदेशातलं घरही त्यात मोजलं जातं. सोबत राहणाऱ्या जोडीदाराच्या मालकीचं घरही चालत नाही. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये २०२६ मध्ये तुम्ही राहत होतात, म्हणजे हे खातं १ जानेवारी २०३१ नंतर. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असता तर पहिल्याच आठवड्यात उघडता आलं असतं. बँकेतला माणूस हे विचारेलच असं नाही. जाहीर केलेली माहिती खरी असल्याची सही मात्र तुमची असते.

आता विमानात बसण्याआधीचं काम. रहिवासी झालात त्या दिवशी तुमच्या बहुतेक मालमत्तेची कॅनडाच्या लेखी खरेदी किंमत नव्याने धरली जाते, त्या दिवसाच्या बाजारभावाने. समजा चार लाखांना घेतलेले शेअर १० सप्टेंबरला अकरा लाखांचे होते आणि २०२९ मध्ये तेरा लाखांना विकले. कॅनडात नफा दोन लाखांचा धरतात, आणि त्याचाही अर्धाच करपात्र. रुपयांचे डॉलर करताना त्या त्या दिवसाचा बँक ऑफ कॅनडाचा दर लागतो. मात्र अकरा लाखांचा पुरावा नसेल तर नऊ लाखांच्या नफ्याचा वाद अंगावर येतो. डीमॅटचं स्टेटमेंट महिन्याअखेरचं येतं, त्यात १० तारखेचा भाव नसतो. म्हणून त्याच दिवशीचा होल्डिंगचा पडदा आणि प्रत्येक फंडाचा एनएव्ही पीडीएफ करून ठेवा. फ्लॅटसाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा लेखी अहवाल घ्या. रेडी रेकनरचा दर बाजारभाव नव्हे, तो दाखवून भागत नाही. तीन-चार वर्षांनी ‘त्या वेळी किंमत काय होती’ असं व्हॅल्युअरला विचारता येतं, पण त्या कागदाचं वजन कमी.

भारतात करमुक्त म्हणून तिथेही करमुक्त, असं होत नाही. पीपीएफचं आणि एनआरई (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या) ठेवीचं व्याज कॅनडात करपात्र आहे, हातात आलं नाही तरी. भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं साधं खातं) झाल्यावर त्याच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के टीडीएस कापते, पण भारत-कॅनडा कराराप्रमाणे व्याजावरचा कर १५ टक्क्यांचाच. कॅनडा क्रेडिट देतो ते त्या १५ चंच, वरचे १६ टक्के तिथे मागायला गेलात तर मिळत नाहीत. ते भारतात रिटर्न भरून परत घ्या, किंवा सीआरए या कॅनडाच्या कर खात्याकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट घेऊन बँकेला आधीच द्या. फ्लॅटचं भाडं दोन्हीकडे दाखवायचं. गृहकर्जाचं व्याज तिथेही भाड्यातून वजा होतं, मुद्दल नाही.

फ्लॅट भाड्याने गेला की तो परदेशी मालमत्तेच्या टी११३५ फॉर्ममध्येही मोजला जातो. एक लाख डॉलरच्या वर किंमत गेली की हा फॉर्म लागतो, आणि किंमत म्हणजे पुन्हा तीच, आल्या दिवसाची. पहिल्या वर्षी माफी आहे. दुसऱ्या वर्षी लोक विसरतात, मग दिवसाला २५ डॉलर, २,५०० पर्यंत. त्या फॉर्मवर कर लागत नाही, फक्त माहिती द्यायची असते, म्हणून हा दंड फार झोंबतो.

पावत्यांबद्दल. विमानाची तिकिटं, कंटेनरचं भाडं, आयईएलटीएस, कन्सल्टंटची फी यातलं काही वजा होत नाही. स्थलांतराचा खर्च नंतर कॅनडातच नोकरीसाठी निदान ४० किलोमीटर जवळ घर बदललंत तर मिळतो. आईवडिलांना पाठवलेले पैसे आणि त्यांच्या पुण्यातल्या ऑपरेशनची बिलं चालत नाहीत, ते कॅनडात राहत नाहीत म्हणून. व्यावसायिक परवान्याची वार्षिक फी वजा होते. गणपतीच्या वर्गणीलाही क्रेडिट मिळतं, पण मंडळ कॅनडात नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल आणि पावतीवर तो क्रमांक असेल तरच. भारतातली ८०जीची पावती तिथे नुसता कागदच.

मुलीच्या डेकेअरची वजावट सात वर्षांखाली ८,००० डॉलरपर्यंत आहे, पण ती कमी कमावणाऱ्या जोडीदाराच्या नावावर, त्याच्या कमाईच्या दोन तृतीयांशपर्यंतच. बायकोची पहिल्या वर्षी कमाई शून्य असेल तर वजावटही शून्य. तिने कॉलेजात प्रवेश घेतला तर नियम बदलतो आणि त्या काळापुरती नवऱ्याला घेता येते. उलट तिची कमाई नसल्याने जोडीदाराचं क्रेडिट नवऱ्याला मिळतं, तेही ११३ दिवसांपुरतं.

पहिल्या वर्षी खरा पैसा येतो तो कॅनडा चाइल्ड बेनिफिट या मुलांसाठीच्या सरकारी मदतीतून. पीआर असल्याने अठरा महिने थांबावं लागत नाही, पोचलात की आरसी६६ हा अर्ज आणि नवागतांसाठीचं त्याचं जोडपत्र भरा. सहा वर्षांखालच्या मुलाला जुलै २०२५ ते जून २०२६ साठी कमाल ७,९९७ डॉलर आहेत, आणि हे आकडे महागाईनुसार वाढतात. रक्कम ठरते आदल्या वर्षाच्या कुटुंबाच्या जागतिक उत्पन्नावर. २०२५ चा पुण्याचा पगार डॉलरमध्ये केला की लहान दिसतो, म्हणून पहिल्या वर्षी ही रक्कम कमाल आकड्याच्या जवळ जाऊ शकते. त्या वर्षाचे दोघांचे फॉर्म १६ आणि बँकेच्या व्याजाचे दाखले हातबॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये नको.

रिटर्न ३० एप्रिल २०२७ पर्यंत, दोघांचं वेगवेगळं, आणि बायकोचं उत्पन्न शून्य असलं तरी. तिचं भरलं नाही तर जुलैपासून बेनिफिट बंद पडतं. रिटर्नसोबत ऑन-बेन फॉर्ममध्ये वर्षभराचं घरभाडं लिहा, त्यावर ऑन्टारिओची ट्रिलियम मदत ठरते. त्यासाठी घरमालकाकडून भाड्याची पावती दर महिन्याला मागा, एप्रिलमध्ये एकदम मागितली की टाळाटाळ होते.