संशोधकांच्या शंका : संदर्भ हाती आलेल्या साधनाचा द्यावा

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गाची विद्यार्थिनी असून सांगलीच्या नाट्यपरंपरेवर शोधनिबंध लिहीत आहे. पुस्तकाचा संदर्भ कसा द्यावा हे मला ठाऊक आहे. परंतु माझ्या साधनांत नाटकाची पुनर्मुद्रित प्रत, किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या मासिकाचे जुने अंक, एका कुटुंबाने जपलेली नाटकाची हस्तपत्रके, एका ज्येष्ठ नटाची मुलाखत आणि प्रयोगाची इंटरनेटवरील चित्रफीत अशी सरमिसळ आहे. या सर्वांची नोंद कशी करावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शैलीचा निर्णय आपल्या विद्यापीठाने किंवा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाने केलेला असेल, तर तो पाळावा. निवड आपल्यावर सोपवली असल्यास एवढे लक्षात घ्यावे की, एमएलए (अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची संदर्भ देण्याची) पद्धतीत मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव व पृष्ठांक येतो आणि सविस्तर नोंद शेवटच्या सूचीत जाते. शिकागोच्या (शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने रूढ केलेल्या) तळटीप पद्धतीत मात्र तळटिपेतच साधनाविषयी दोन वाक्ये अधिक लिहिण्यास जागा मिळते. हस्तपत्रके आणि मुलाखती ज्यात आहेत अशा आपल्या निबंधाला दुसरी पद्धत अधिक सोयीची आहे, असे माझे मत आहे.

नियम कोणताही असला, तरी आपण प्रत्यक्ष जे पाहिले त्याचीच नोंद करावी. विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग सांगलीत १८४३ साली झाला, तर त्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून आला १८८५ साली. या संग्रहातील पद उद्धृत करून ‘१८४३ च्या प्रयोगात हे पद असे गायले गेले’ असे आपण लिहिले, तर संदर्भ अचूक असूनही विधान सिद्ध होत नाही, कारण ते पद १८८५ साली त्या रूपात छापले गेले एवढेच त्या ग्रंथावरून कळते. प्रयोगाचे वर्ष, पहिल्या मुद्रणाचे वर्ष आणि आपल्या हातातील प्रतीचे वर्ष ही तिन्ही वेगळी ठेवावीत. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले १८९९ साली. आपण वापरलेली प्रत त्यानंतरचे पुनर्मुद्रण असल्यास सूचीत त्या प्रतीचा प्रकाशक, आवृत्ती व वर्ष द्यावे आणि मूळ वर्ष त्याशेजारी नोंदवावे. नाटकाच्या बाबतीत पृष्ठांकाबरोबर अंक व प्रवेशही लिहावा, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठे बदलतात. मुखपृष्ठावर केवळ शक असल्यास तो तसाच लिहून कंसात इसवी सन द्यावा. शकात ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांचे वर्ष मिळते, मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या मजकुरासाठी ७९ मिळवावे लागतात.

मासिकाच्या लेखासाठी लेखक, लेखाचे शीर्षक, मासिकाचे नाव, वर्ष, अंक, महिना आणि पृष्ठे पुरेशी आहेत. नाव मात्र त्या अंकावर असेल तेच द्यावे. १९२० साली सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ झाले, म्हणून आरंभीच्या अंकांना नंतरचे नाव चिकटवू नये. हीच काळजी जिल्ह्याच्या नावाबाबतही घ्यावी. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याला सध्याचे नाव मिळाले. त्यामुळे १८८५ च्या सातारा गॅझेटियरात तासगाव आणि वाळवे आढळल्यास ते सातारा म्हणूनच उद्धृत करावे आणि आजचा खुलासा टिपेत द्यावा.

हस्तपत्रकाला बहुधा लेखक नसतो. अशा वेळी त्यावरील नाटकाचे व मंडळीचे नाव, गाव, छापलेली तारीख (नसल्यास ‘दिनांक नाही’), ‘हस्तपत्रक’ असे स्वरूप आणि शेवटी ‘खासगी संग्रह, सांगली’ असे लिहावे. आपण अंदाजाने ठरवलेले वर्ष चौकोनी कंसात टाकून त्यामागचे कारण टिपेत सांगावे. कुटुंबाचे नाव छापण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

मुलाखतीच्या नोंदीत प्रथम मुलाखत देणाऱ्याचे नाव, मग आपण स्वतः ती घेतल्याचा उल्लेख, स्थळ व दिनांक येतो. ध्वनिमुद्रण कोणाकडे आहे, हेही सांगावे. शिकागो पद्धतीत अप्रकाशित मुलाखत सहसा तळटिपेतच राहते, एमएलए मात्र तिला सूचीत स्थान देते. चित्रफितीबाबत विद्यार्थी हमखास गोंधळतात, कारण ती संकेतस्थळावर चढवल्याची तारीख तेवढी दिसते आणि तीच प्रयोगाची समजली जाते. प्रयोगाची तारीख इतरत्र मिळाली तरच द्यावी, आणि उद्धृत संवादासाठी मिनिट-सेकंद नोंदवावेत.

छपाईविषयी एक सूचना आहे. इंग्रजी नियमांत ग्रंथनामे तिरप्या अक्षरांत देतात. देवनागरी अक्षरे संगणकाने तिरपी केली की विद्रूप दिसतात, म्हणून मी अवतरणचिन्हेच पसंत करतो. मार्गदर्शकांना ठळक अक्षरे हवी असतील तर तीही चालतील, फक्त निबंधभर एकच पद्धत ठेवावी.

प्रश्न : मराठी विश्वकोशातील नोंदीचा संदर्भ देताना लेखक म्हणून प्रमुख संपादकांचे नाव द्यावे काय?
– एक वाचक, वाई

उत्तर : नाही. नोंदीखाली नोंदलेखकाचे नाव असते. तेच प्रथम द्यावे, त्यानंतर नोंदीचे शीर्षक, कोशाचे नाव, संपादक, खंड आणि पृष्ठ. संकेतस्थळावरील नोंद वाचली असल्यास खंड-पृष्ठ कल्पनेने भरू नये; संकेतस्थळाचा पत्ता आणि पाहिल्याचा दिनांक द्यावा. वाईतच विश्वकोशाचे कार्यालय असल्याने छापील खंड उघडून पृष्ठ ताडून पाहणे आपल्याला इतरांपेक्षा सोपे जाईल.