कच्च्या कैदेचे चौदा महिने दोन्ही शिक्षांतून वजा होतात का?

ताई, अशी पत्रं दर महिन्याला येतात, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, सहज म्हणून लिहिली आहे.

भावाला चोरीच्या दोन वेगळ्या केसेसमध्ये शिक्षा झाली, आधी दोन वर्षं, नंतर तीन. पहिल्या निकालाआधी तो चौदा महिने कच्चा कैदी, म्हणजे खटला चालू असताना आत, होता. जेलने ते चौदा महिने पहिल्या शिक्षेतून वजा केले, दुसरीतून मात्र जेमतेम महिना. हा अन्याय आहे, असं तुमचं म्हणणं. आणि मग ती ओळ: 'दुसऱ्या केसमध्ये मामांनी सातबारा लावून लगेच जामीन करून घेतला होता.'

सगळं तिथेच अडलं आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 428 (1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 468) 'त्याच प्रकरणातली' कैद वजा करायला सांगतं. पहिल्या केसमध्ये जामीन नाकारला गेला, म्हणून भाऊ आतच राहिला. पण मामांनी जामीनकतबा (जामीनदाराचं हमीपत्र) भरला त्या दिवसापासून दुसऱ्या केसच्या कागदावर तो सुटलेला होता. तिथून पुढचा एकही दिवस त्या केसच्या खात्यात जमा होत नाही. पहिल्या केसमध्ये माणूस आत असताना दुसरीत जामीनदार उभा करायची घाई कुणाला होती? जामिनाची ऑर्डर घेऊन ठेवायची, कतबा भरायचा नाही, एवढं तुमच्या वकिलांनी सांगायला हवं होतं आणि तुम्हीही विचारायला हवं होतं.

म्हणून आधी दुसऱ्या केसचा रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारीखवार नोंद, काढा. प्रोडक्शन वॉरंटवर (जेलमधल्या कैद्याला दुसऱ्या केससाठी हजर करण्याचा कोर्टाचा हुकूम) पोलिसांनी ताबा कधी घेतला आणि कतबा नक्की कोणत्या तारखेला मंजूर झाला, या दोन तारखा हव्यात. कतबा प्रत्यक्षात मंजूर झालाच नसेल, नुसती ऑर्डर पडून असेल, तर चित्र बदलतं.

दोन्ही केसेसमध्ये एकाच वेळी कैद होती तो काळ दोन्हीकडे धरावा, असा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा 2001 चा निकाल आहे, तोही दोन न्यायाधीश विरुद्ध एक असा. नंतरच्या निकालांत हात आखडता आहे, आणि शिक्षा एकापाठोपाठ असतील तर जास्तच. तुमचा महिना जेलने धरला आहे, तो वाद उकरू नका. पहिला निकाल लागल्यानंतरचा काळ मात्र सोडून द्या, तेव्हा तो त्या केसचा पक्का कैदी होता.

खरा फायदा दुसरीकडे आहे. दुसऱ्या निकालात 'शिक्षा एकत्र भोगाव्यात' असा शब्द नाही, आणि न्यायाधीश गप्प राहिले की कलम 427 (नव्या संहितेत 467) नुसार दुसरी शिक्षा पहिली संपल्यावरच सुरू होते. अपिलात हे बदलून मागता येतं. 2022 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका माणसाला वीजचोरीच्या नऊ केसेसमध्ये प्रत्येकी दोन, मिळून अठरा वर्षं भोगायची वेळ आली होती. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या शिक्षा एकत्र चालवल्या. तुमच्या घटना वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या दिवशीच्या आहेत, त्यामुळे मिळेलच असं म्हणणार नाही.

पण मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्समध्ये अपिलाची मुदत तीस दिवस, आणि तुम्ही लिहिताय चार महिन्यांनी! आता विलंबमाफीचा अर्ज लागेल. निकालाची नक्कल मिळायला कोर्टाने लावलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, म्हणून नकलेच्या अर्जाची पावती जपा; अर्जच केला नसेल तर उद्या करा. वकिलाचे पैसे नसतील तर भावाला आतूनच अधीक्षकांमार्फत जेल अपील करायला सांगा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं.

दंड भरला का, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. दंड न भरल्याबद्दलच्या कैदेला वजावट नाही आणि ती वेगळी भोगावी लागते. हजार-दोन हजारांचा प्रश्न असेल तर याच आठवड्यात भरून पावती जेलमध्ये द्या.