वाचकांचे प्रश्न: स्विच एवढा का ओरडतो?

प्रश्न: लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, घरूनच. पीसी आणि दोन हार्डडिस्कचा नॅस (नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा), दोन्ही आतल्या खोलीत आहेत. वर्षभरापूर्वी लॅमिंग्टन रोडवरून २४ पोर्टचा ऑफिसवाला गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणारा डबा) सेकंडहँड उचलला, स्वस्तात मिळत होता म्हणून. चालतो छान पण आवाज असा की आई विचारते, रात्रभर मिक्सर लावून झोपतोस का रे. शिवाय एका लग्नाचा डेटा २०० जीबीच्या घरात जातो आणि तो नॅसवर टाकायला अर्धा तास लागतो. पीसी आणि नॅस दोन्हीवर २.५जी, म्हणजे गिगाबिटच्या अडीचपट वेग, लिहिलेलं आहे. स्विचचा फॅन बदलला तर भागेल का, नवीन घेऊ, की सरळ १० गिगाबिटवर जाऊ? – एक वाचक, ठाणे

उत्तर: आईंचं बरोबर आहे. तो स्विच घरासाठी बनलेलाच नाही, तो सर्व्हर रूममध्ये एसीखाली, दार बंद करून ठेवायचा असतो आणि तिथे त्याच्या आवाजाचं कुणाला काही पडलेलं नसतं. डबा जेमतेम दीड-पावणेदोन इंच उंच, त्यामुळे त्यात फॅन बसतात ते ४० मिलिमीटरचे, आणि एवढ्या चिमुकल्या पात्यांनी हवा खेचायची तर मिनिटाला हजारो फेरे मारावे लागतात, म्हणून तो घरघर न करता किंचाळतो. फॅन बदलायचा व्हिडिओ तुम्ही बघितला असणारच, सगळेच बघतात. पण हळू फिरणारा फॅन बसवला की आतली गरमी बाहेर पडत नाही, काही स्विच फॅनचे फेरे मोजत असतात ते लगेच फॅन बिघडला म्हणून अलार्म देतात, आणि आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ चार्ज धरून असतात, हात लागला तर शॉक. सेकंडहँड डब्यासाठी एवढी जोखीम नको, सोडा तो नाद.

आता खरी गंमत. तुमच्याकडे पीसी २.५जी, नॅस २.५जी, आणि मधे बसलाय हा गिगाबिटवाला पहिलवान, म्हणजे सगळ्यात जास्त आवाज करणारा गडीच सगळ्यात हळू आहे. गिगाबिटवर कितीही डोकं आपटलं तरी सेकंदाला ११०-११५ एमबीच्या आसपास मिळतात, २०० जीबीला त्या हिशोबाने अर्धा तासच होतो, तुमचं घड्याळ बरोबर आहे. २.५जीवर लाइन २८० एमबीपर्यंत जाते पण थांबा, तुमच्या नॅसमध्ये हार्डडिस्क आहेत, त्या मिररमध्ये (एकच डेटा दोन्ही डिस्कवर) असतील तर लिहिण्याचा वेग एका डिस्कइतकाच, साधारण १५० ते २०० एमबी, आणि डिस्क भरत आली की त्याहून कमी. म्हणजे अर्ध्या तासाचे साधारण अठरा-वीस मिनिटं होतील, बारा नाही. आणि याच कारणासाठी १० गिगाबिटला माझा सरळ नकार. नॅसमध्ये एसएसडी टाकलीत तर पुन्हा लिहा, तेव्हा बोलू.

तर घ्यायचा काय? ५ पोर्टचा २.५जी, अनमॅनेज्ड (काही सेटिंग न करता लावला की चालू), फॅनलेस, पत्र्याच्या बॉडीचा. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०५-एम२ या जातीचा आहे, फॅन क्यूनॅपच्या क्यूएसडब्ल्यू-११०५-५टीमध्येही नाही. गिगाबिटवाल्यापेक्षा किंमत बरीच जास्त पडते, पण तुमचा धंदा आहे, वेळ वाचतोय. पत्र्याची बॉडी यासाठी की फॅन नसला तर गरमी बाहेर टाकायचं काम त्या पत्र्यालाच करायचं असतं, तो हाताला कोमट लागला तर घाबरू नका, फक्त कपाटात कोंडू नका आणि राउटरच्या डोक्यावर ठेवू नका. बॉक्सवर स्विचिंग कपॅसिटी (सगळे पोर्ट मिळून किती डेटा पेलतो ते) मोठ्या अक्षरात लिहिलेली असते, तिला भुलू नका, पाच पोर्ट गुणिले अडीच गुणिले दोन बरोबर २५ गिगाबिट, एवढी असली की बास, आणि ती आजकाल सगळ्यांचीच असते.

राउटर बदलायची गरज नाही, हे मुद्दाम सांगतो कारण दुकानदार नेमकं तेच गळ्यात मारतो. पीसी आणि नॅस एकाच स्विचला लावलेत की त्यांची फाइल राउटरकडे जातच नाही, स्विचमधल्या स्विचमध्ये जाते. राउटर गिगाबिट राहू दे, इंटरनेट २०० एमबीपीएसचं असेल तर ते तेवढंच राहणार, स्विच सोन्याचा लावला तरी. केबलही बदलू नका, २०१६ साली २.५जीचं स्टँडर्ड आलं तेच मुळी इमारतींमधून आधीच ओढून ठेवलेल्या कॅट ५ई जातीच्या नेटवर्क केबलींवर वेग वाढावा म्हणून, शंभर मीटरपर्यंत चालतं.

१० गिगाबिटचा मोह तरीही सुटत नसेल तर एवढं लक्षात ठेवा की तांब्याच्या केबलवरचं १० गिगाबिट फार तापतं, एकेक एसएफपी प्लस मॉड्यूल (स्विचच्या खाचेत खुपसायचा छोटा जोडतुकडा) दोन-अडीच वॅट खातं आणि बोट लावलं तर चटका बसतो, मग कंपनी फॅन घालते आणि तुमच्या आई पुन्हा मिक्सर म्हणतात. शांत १० गिगाबिट हवं तर एसएफपी प्लसचे पोर्ट आणि डॅक केबल (दोन्ही टोकांना तसे प्लग आधीच बसवलेली तयार केबल), मायक्रोटिकचा सीआरएस३०५ तसा आहे, चार पोर्ट, फॅन नाही. पण डॅक केबल दोन-तीन मीटरचीच बरी, एकाच टेबलाखालचा मामला.

जुन्या स्विचचं काय? विका. तो ५० वॅट खात असेल तर चोवीस तासांचे १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट नुसते गरमी आणि आवाजावर. नवीन फॅनलेसवाला पाच-दहा वॅटच्या आसपास खेळतो.

एक राहिलं. फॅनलेस घेऊनही रात्री बारीक चिर्रर्र ऐकू आली तर स्विचला शिव्या देण्याआधी त्याचा अडॅप्टर कानाशी धरा. आमच्याकडे मी दोन आठवडे स्विचवर संशय घेतला, दुकानदाराशी भांडण व्हायचं बाकी होतं, आणि निघाला अडॅप्टर. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा, तशाच पिनेचा दुसरा लावला, गप्प झालं. आणि ते हिरवे दिवे रात्री डोळ्यात जातात, त्यावर काळी टेप.

प्रश्न: नवीन गिगाबिट स्विच घेतला, घरात केबलही नवीन ओढली, तरी पीसीवर लिंक १०० एमबीपीएसच दाखवते. स्विच खराब आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: बहुतेक नाही. आधी दुसरी एखादी छोटी तयार केबल लावून बघा, त्यावर १००० दाखवलं तर स्विच पास. १०० एमबीपीएसला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी, गिगाबिटला चारही. निळी किंवा तपकिरी जोडी कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल तर लिंक गुपचूप १०० वर उतरते आणि कुणालाच पत्ता लागत नाही कारण नेट तर चालू असतं. वायरमनला दोन्ही टोकांना कनेक्टर पुन्हा क्रिंप करायला (दाबून बसवायला) सांगा. तरीही नाही झालं तर एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल आहे, बाजारात ढिगाने विकली जाते, वाकवली की आतल्या आत तुटते. पुढच्या वेळी विचारताना ‘प्युअर कॉपर’ असं म्हणा आणि दुकानातच खरवडून बघा, दुकानदार रागावला तर रागावू दे.

प्रश्न: घरापासून अंगणापलीकडच्या गोठ्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत केबल बाहेरून नेलीय. दोन पावसाळ्यांत दोन स्विच जळले. आता भारीतला घेऊ का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: भारीतला घेतलात तर भारीतला जळेल. वीज जवळपास कुठे पडली तरी त्या लांब तांब्याच्या तारेत झटका तयार होतो आणि तो थेट पोर्टात घुसतो, ब्रँड बघत नाही. अंगणातला तेवढा तुकडा फायबरचा करा, आत लोखंडी तार नसलेला, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल जोडणारे डबे), आणि घरात साधा ५ पोर्टचा गिगाबिट स्विच, हजार-दीड हजारातला. काचेतून झटका येत नाही. गोठ्यातली लाइट मात्र तारेनेच गेलेली असणार, तेव्हा मे महिन्यात गडगडायला लागलं की तिकडचा आणि इकडचा प्लग काढायची सवय ठेवा, आणि अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.