भावाची गोष्ट दरवेळी बदलते

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या भावाने तीन वर्षांपूर्वी धर्म बदलला. तो कसा बदलला, हे तो सगळ्यांना सांगत असतो. पहिल्यांदा मला सांगितलं तेव्हा 'रात्री एकटाच रडत बसलो आणि मोकळं वाटलं' एवढंच होतं. आता त्यात हाक ऐकू येते आणि दारू त्याच क्षणी सुटते. दारू सुटायला आठ महिने लागले. त्याच्या उशाशी मी बसले होते. तो खोटं बोलतोय का? आणि त्याच्यावर विश्वास ठेवला, तर त्याचा धर्मही खरा मानावा लागेल का?

उत्तर : तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. तुमचा रागही मला समजतो. ते आठ महिने तुम्ही काढलेत, आणि त्याच्या गोष्टीत नेमके तेच गळलेत.

माझ्या एका मैत्रिणीनेही धर्म बदलला. त्या आठवड्यातलं तिचं पत्र माझ्याकडे आहे. 'काल प्रार्थनेला मागे बसले. विशेष काही झालं नाही. पण कित्येक महिन्यांनी रात्री सलग झोप लागली.' बारा वर्षांनी हीच हकिकत मी तिच्या तोंडून एका सभेत ऐकली, तेव्हा तिच्या सांगण्यात प्रार्थनेची खोली उजेडाने भरून गेली होती. मी पत्र दाखवलं. स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवत ती म्हणाली, "लिहिलंय मीच गं, पण मला आठवतो तो उजेडच." ती मनापासून बोलत होती.

संत ऑगस्टीन या जुन्या काळच्या ख्रिस्ती धर्मचिंतकाचं उदाहरण बघा. इ.स. 386मध्ये मिलानच्या एका बागेत 'घे, वाच' असा लहान मुलासारखा आवाज त्याने ऐकला आणि त्याचं मन पालटलं, ही कथा जगप्रसिद्ध आहे. ती त्याने लिहिली दहाएक वर्षांनी. त्या घटनेनंतर काही महिन्यांतच त्याने संवादांच्या रूपात लिहिलेल्या पुस्तकांत बाग नाही. तिथे वाचन आहे, छातीचं दुखणं आहे, शिकवणं सोडणं आहे. एवढ्यावरून बाग खोटी ठरत नाही. माणूस हळूहळू बदलतो, पण सांगायला बसला की त्याला एक क्षण लागतो. त्यात आजूबाजूचे सगळे 'अंधार, हाक, सुटका' याच क्रमाने सांगत असले, की आपलीही आठवण तशीच लागत जाते.

धर्माचं म्हणाल तर अशा हकिकती त्या धर्मात आलेले सांगतात, तो सोडून गेलेले सांगतात, श्रद्धाच सोडलेलेही सांगतात. या सगळ्यांना मोकळं वाटलं हे खरं असू शकतं. पण सगळ्यांचे निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. भावाला आधार मिळाला, हे खुशाल माना. त्यापलीकडचं मान्य करायला तुम्ही बांधील नाही.

चारचौघांत त्याला खोडू नका. मात्र त्याचं ऐकून कुणी दारूवरचे उपचार थांबवणार असेल, तर तिथे गप्प बसू नका. आठ महिने लागले हे स्पष्ट सांगा.

आणि एकदा दोघंच असताना त्याला विचारा, "त्या आठ महिन्यांतली सगळ्यात वाईट रात्र कुठली रे?" हे त्याला अजून कुणी विचारलं नसेल.