थेंब आधी कुणाचा सुकतो?

प्रश्न : नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट आणि पाणी यांचा एकेक थेंब स्टीलच्या ताटलीत टाकला. रिमूव्हर बघता बघता उडाला, मागोमाग स्पिरिट. पाणी मात्र कितीतरी वेळ तसंच. पाणी जड असतं म्हणून का? (नववीतली विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : स्वतः करून पाहिलंस, याचा फार आनंद झाला. पण कारण जडपणाचं नाही. रेणू तोलले तर पाण्याचाच सर्वांत हलका : रेणुभार १८. स्पिरिटमधल्या इथेनॉलचा ४६, रिमूव्हरमधल्या ॲसिटोनचा ५८. म्हणजे इथे जड तेच आधी उडालं!

पृष्ठभागावरच्या रेणूला हवेत सुटायचं तर शेजारच्या रेणूंची पकड सोडवावी लागते. पाण्याचा इवलासा रेणू शेजाऱ्यांशी चार हायड्रोजन बंधांपर्यंत जोडला जातो. इथेनॉलमध्ये हे बंध असतात, पण कमी. ॲसिटोनचे रेणू तर एकमेकांशी असे बंध करतच नाहीत. सुटू पाहणाऱ्या रेणूंचा जोर बाष्पदाबावरून कळतो. २५ अंश सेल्सिअसला तो पाण्याचा साधारण २४ मिलिमीटर पारा, इथेनॉलचा ५९ आणि ॲसिटोनचा तब्बल २३० भरतो. ताटलीतला तुझा क्रम नेमका हाच आहे.

प्रश्न : जुलैत आमच्याकडे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. रिमूव्हर मात्र उन्हाळ्यासारखाच झटकन उडतो. त्याला दमट हवा लागत नाही का? (गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर : खरंच लागत नाही, आणि तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. वाळताना रेणू कपड्यातून हवेत जातात, तसे हवेतले कपड्यावर परतही येतात. सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असली आणि कपडा हवेइतकाच उबदार असला, तर पाण्याचे १०० रेणू बाहेर पडतात तेव्हा सुमारे ९० परत येतात. निव्वळ सुटका दहांचीच. हवेत ॲसिटोनची वाफ जवळपास नसतेच, त्यामुळे त्याचे गेलेले रेणू परतत नाहीत. नागपुरात मे महिन्यात कूलर छान गारवा देतो आणि मुंबईत नुसता दमट वारा, त्याचंही कारण हेच. घरात दोरी बांधाल तर ती पंख्याखाली बांधा. कपड्यालगतचा ओलसर हवेचा थर हलत राहिला पाहिजे.

प्रश्न : एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, अल्कोहोलला २२० च्या आसपास. मग हातावर पाणीच जास्त गार लागायला हवं ना? (निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर : गुरुजी, आकडे अचूक आहेत. मात्र कातडीला कळतं ते दर सेकंदाला किती उष्णता गेली ते. स्पिरिट पाण्याच्या काही पट वेगाने उडतं, म्हणून क्षणभर गारठा जास्त. सगळा थेंब सुकेपर्यंतचा हिशोब मांडला तर तेवढ्याच वजनाचं पाणी अडीच पटींहून अधिक उष्णता नेतं. एक कळकळीची विनंती : जास्त गार लागतं म्हणून तापलेल्या लेकराचं अंग कुणी स्पिरिटने पुसू नये. ते कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं आणि विषबाधा होऊ शकते.

प्रश्न : वाटीतलं खोबरेल महिनोन्‌महिने उडत का नाही?

उत्तर : त्याचे रेणू फार मोठे, रेणुभार सहाशेच्या पुढे. लांबच लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी धरून असतात. तापवलं तर उकळण्याआधीच रेणू तुटून धूर निघतो. जवसाचं तेल पातळ थरात ‘सुकतं’, पण तेही उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घट्ट होतं आणि त्यात त्याचं वजन थोडं वाढतंसुद्धा.