गाडीवरच्या खाण्याला तारे कसे द्यायचे? (आणि आमच्या मेव्हण्याला एकदाचं उत्तर)

प्रश्न असा आहे : ‘कोल्हापुरात नवीन राहायला आलोय. गाड्या, टपऱ्या, छोटी हॉटेलं यांचे रिव्ह्यू लिहायला सुरुवात केलीय. तारे कशावर द्यावेत? स्वच्छतेचे कापावेत का? आणि मालकाला आपण लिहितोय हे सांगावं का?’

पहिल्या दोन्हींची उत्तरं मध्ये कुठंतरी येतील. तिसरा प्रश्न तुम्ही विचारायला नको होता, पण आता विचारलाच आहे तर ऐका.

२०१८च्या डिसेंबरात मी एका मिसळीच्या गाडीवर सोळा ओळी लिहिल्या आणि पाच तारे दिले. गाडीचं नाव सांगणार नाही, पेठही सांगणार नाही. तेव्हा नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. हातात पोरानं दिलेला नवा मोबाईल, आणि सकाळी आठ ते अकरा करायचं काय हा रोजचा प्रश्न. एक-एक ठिकाण लिहीत गेलं की मोबाईल गुण देतो, वरची पायरी देतो. नोकरीत बढतीला अकरा वर्षं लागली होती, इथं तीन महिन्यांत दोन मिळाल्या. माणूस चढणारच की.

गाडी म्हणजे काय, दोन बाकडी, वर पत्रा, आणि कटाचं, म्हणजे रश्श्याचं, एकच पातेलं. ते संपलं की मामा गाडीवर ताडपत्री टाकून घरी. साठ-पासष्ट प्लेटी व्हायच्या, साडेदहापर्यंत खेळ खलास. चटणी मामी स्वतः करायच्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, खोबरं-तीळ-कांदा-लसूण घरी भाजून, मग डंकावरून कुटून आणायची. त्यामुळं कट काळपट लाल, टोमॅटोच्या सारासारखा भगवा नव्हे. मटकी मोडाची आणि दाताला लागणारी. मामा आधी पातेलं तळापासून ढवळून रस्सा घालायचे आणि मग वरची तर्री वेगळ्या पळीनं, म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकालाही तवंग मिळायचा. सोबत स्लाइस ब्रेड. पाव मागणाऱ्याकडं मामा नुसतं बघायचे.

हे सगळं मी लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे उत्तर लिहीत बसलो नसतो. पण वर मथळा दिला : ‘कोल्हापुरातली शेवटची खरी मिसळ’.

फेब्रुवारीत एक पोरगं कॅमेरा घेऊन आलं. त्यानं व्हिडिओत माझा मथळा जसाच्या तसा म्हटला, माझं नाव न घेता. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आता बरं वाटतं. मार्चपासून शनिवार-रविवारी एमएच १२ आणि एमएच १४च्या, म्हणजे पुण्याकडच्या, मोटारी बोळात उभ्या. चिठ्ठीवर नंबर देणं सुरू. मामांनी दोन पोरं ठेवली, मग पाच. एका पातेल्याची तीन झाली. मामी एकटी एवढी चटणी कुठून करणार, ती बाहेरून यायला लागली. तर्रीची वेगळी पळी गेली. चाळीसची प्लेट साठ झाली.

आता आमचा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. हा माणूस बारा वर्षं त्या गाडीवर डाव्या बाकड्याच्या कोपऱ्यात बसायचा, जणू सातबाऱ्यावर नाव आहे. एका रविवारी चाळीस मिनिटं नंबर लावून उभा राहिला, मिसळ खाल्ली, आणि तडक आमच्या घरी.

‘दाजी, तुम्हीच घालवली ती मिसळ.’

मी म्हटलं, ‘अरे, मामांचा धंदा वाढला. पाच पोरं कामाला लागली.’

‘धंदा वाढला, मिसळ गेली. मी काय धंदा खायला जातोय व्हय?’

तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक बारशाला हेच. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत व्याह्यांना यानं माझी ओळख करून दिली, ‘हे आमचे दाजी, ह्यांनी एक मिसळ बुडवलीय.’

म्हणून आता इथं, चार लोकांत, नीट मांडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांवर गेलं. हायवे शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद, गावात ना भाजी ना सिलिंडर. मामांची गाडी त्यात वाचली, पण महिनाभर धंदा नाही आणि नव्या पोरांचा पगार चालू. त्याच डिसेंबरात कांदा किलोला शंभरच्या वर गेला. मिसळीत कांदा वर घालायला लागतो आणि चटणीतही लागतो. गावातल्या निम्म्या गाड्यांवर तेव्हा कांद्यात कोबी मिसळत होते. मेव्हण्याला ज्या दिवशी मिसळीत कोबी लागला तो दिवस त्यानं तारखेसकट लक्षात ठेवलाय. कोबी मी घातला का? पुढं मार्च २०२०, लॉकडाऊन, गाडी कित्येक महिने ताडपत्रीखाली. कर्ज फेडायचं असलेला माणूस परत सुरू करताना मटकी कमी आणि फरसाण जास्तच घालणार. फरसाण विकत मिळतं, मटकीला मोड आणायला वेळ लागतो.

एवढी कारणं असताना सोळा ओळींच्या नावानं बोंब कशाला?

आणि खरं कारण मला माहीत आहे. मामांकडं मेव्हण्याची वही होती. महिन्याच्या महिन्याला हिशेब, कधी दोन महिन्यांनी. गर्दी झाल्यावर गल्ल्यावर बसलेल्या पोरानं वही बंद केली आणि ह्याच्यासमोर क्यूआर कोड धरला. मिसळ गेल्याचं दुःख कमी, उधारी गेल्याचं जास्त. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललेलो नाही, त्याच्या बहिणीचं, म्हणजे बायकोचं, मन राखायचं म्हणून. तो ही साइट वाचतो. वाच.

असो. तुमचा प्रश्न.

तारे द्यायचे तर आधी वेळ लिहा. साडेआठची मिसळ आणि साडेअकराची मिसळ हे दोन पदार्थ आहेत. कट उकळत राहिला की खारट होतो, मग त्यात पाणी पडतं, मग तिखट पातळ होतं. अकरानंतर जाऊन ‘चव नाही’ म्हणून दोन तारे देणारे मला दिसले की राग येतो. तुम्ही उशिरा उठलात, त्याचे तारे मामांचे का कापता? तसंच ‘फार तिखट’ म्हणून तारा कापू नका. कोल्हापुरात येऊन तिखटाची तक्रार करायची असेल तर दही मागा, मिळतं. पुण्याच्या माणसाला सॅम्पल (म्हणजे वेगळा पातळ रस्सा) हवं असतं, नाशिकच्या माणसाला पापड, कुणाला शेवटी जिलेबी. त्या त्या गावात ते बरोबरच आहे, पण इथं पापड नाही म्हणून तीन तारे हा काय न्याय? आणि इथं मिसळीच्या रश्श्याला कट म्हणतात. रिव्ह्यूत ‘ग्रेव्ही’ लिहिलेलं दिसलं की मी पुढं वाचत नाही.

एकदा खाऊन लिहू नका. तीनदा जा, त्यात एकदा आठवड्याच्या मधल्या वारी. एकाच पातेल्याची गाडी असेल तर तेही लिहा, ‘साडेदहाला संपते’ असं. त्यानं निम्मे लोक येतच नाहीत, आणि तेच बरं. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, तरी त्यांचं काही बिघडलं नाही. कारण तिथं स्वयंपाकघर आहे, माणसं आहेत, टेबलं आहेत. गाडीला गर्दी सोसायची सवय नसते. (मेव्हण्याला हा मुद्दा मीच दिल्यासारखा होईल, पण खरं ते खरं.)

स्वच्छतेचे कापावेत का? कापा, पण बघून कापा. फरशी आणि पंखा बघून नव्हे, गाडीला फरशी कुठली? प्लेटी विसळायची बादली बघा, पाणी किती वेळानं बदलतात. पैसे घेणारा हात आणि कांदा घालणारा हात एकच आहे का ते बघा. कांदा-कोथिंबीर झाकलेली आहे का, फडकं कोणत्या रंगाचं होतं आणि आता कोणत्या रंगाचं आहे. वड्याची गाडी असेल तर कढई बघा. तळणाच्या तेलातल्या खराब घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांपर्यंतच चालतं असा नियम जुलै २०१८ पासून आहे, पण ते मोजायचं यंत्र घेऊन कोण फिरतंय? तेल काळं पडलेलं, घास आत गेल्यावर घशाशी येणारं, आणि वडा सोडला की वर फेस चढत असेल तर समजा. मग ते लिहा, बिनधास्त. वडा छापील कागदावर देत असतील तर तेही लिहा. वर्तमानपत्रात खाणं देऊ नका असं अन्न प्राधिकरणानं २०२३ मध्ये पुन्हा सांगितलंय, तरी निम्म्या गावात वड्याच्या बुडाशी राशिभविष्य वाचायला मिळतं.

मात्र ‘लायसन दिसलं नाही’ असं लिहिण्याआधी विचार करा. मी लिहीत होतो तेव्हा वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला परवाना लागायचाच नाही, नुसती नोंदणी, शंभर रुपये वर्षाला. बऱ्याच मामांकडं तो कागद असतो, फक्त तो घरी देव्हाऱ्यामागं असतो.

फुकट खाऊन लिहू नका. कॅमेरा काढला की काही ठिकाणी एक्स्ट्रा वडा येतो. तो वडा खाल्ला की तारे संपले, मग नुसती जेवणाची पोचपावती उरते. आणि एक तारा द्यायचाच असेल तर आधी मालकाला तोंडावर सांगा. ‘मामा, आज मटकीला वास येतोय.’ बहुतेक जण प्लेट बदलून देतात. जो उलट भांडतो त्याला द्या एक तारा.

राहिला तिसरा प्रश्न, आपण लिहितोय हे मालकाला सांगावं का.

आधी सांगू नका. सांगितलंत की तुमच्या प्लेटीत मटकी जास्त पडते आणि तुम्ही शेजारच्याची प्लेट बघेपर्यंत ते कळतही नाही.

नंतर सांगावं का, हे मला विचारू नका. २०२१च्या हिवाळ्यात, पुन्हा गर्दी सुरू झाली होती, तेव्हा मी मंगळवारी लवकर गेलो. मामा एकटेच, पोरं अजून यायची होती. कट ढवळताढवळता म्हणाले, ‘साहेब, कुणीतरी लई वर्षांमागं मोबाईलवर आमचं लिवलं हुतं म्हणं. शेवटची मिसळ का काय. त्या माणसाला एकदा बघायचं हाय मला.’

मी विचारलं, ‘कशासाठी?’

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मामा ब्रेड मोजायला वळले.

पाया पडायचं होतं की दोन ठेवून द्यायच्या होत्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मामांचा चेहरा कटाच्या वाफेत, अंदाज येईना. त्यानंतर कितीतरी मंगळवार गेलो. एकदा बोलायचं ठरवूनही गेलो होतो, तर त्या दिवशी मामी गाडीवर होत्या. त्यांनी मनगटाला पट्टा बांधला होता. मी मुकाट्यानं मिसळ खाल्ली, पैसे दिले आणि आलो.

रिव्ह्यू काढून टाकायचा विचार केला होता. मग वाटलं, काढला तर मेव्हणा म्हणणार, ‘बघा, कबूल केलं.’ शेवटी मथळ्यातला एक शब्द खोडला. ‘शेवटची’. आता तिथं ‘कोल्हापुरातली खरी मिसळ’ एवढंच आहे, आणि तेही आता शनिवार-रविवारी लागू नाही. वर लिहिलेले नियम मी त्या रिव्ह्यूच्या वेळी नीट पाळले नव्हते, हेही सांगून टाकतो. एकदाच गेलो नव्हतो, रोज जात होतो, पण रोज साडेआठला. त्यामुळं साडेदहाला तिथं काय मिळायचं ते मला ठाऊकच नव्हतं.

हे सगळं मिसळीपुरतं आणि माझ्या गावापुरतं. बसून जेवायच्या खानावळींचं, तांबड्या-पांढऱ्याचं गणित वेगळं आहे, तिथं माझा अनुभव कमी, कारण घरचा पांढरा चांगला असतो आणि हे आमची ही वाचणार आहे. पोट नाजूक असेल तर पहिले पंधरा दिवस तारे देऊ नका, पाण्याची बाटली स्वतःची न्या.

आणि बुधवारी किंवा मंगळवारी सकाळी साडेआठला कुठल्या बोळात जायचं हे मेसेजमध्ये विचारलंत तरी सांगणार नाही. आजवर चौघांनी विचारलं, चौघांनाही नाही म्हटलंय. त्यातला एक मेव्हण्याचा मित्र होता, मला खात्री आहे.